दुपारी तीननंतर सगळ्यांचीच पाठ वाकलेली दिसते? थकवा म्हणण्याआधी एवढं तपासा

पाठीवर सेन्सर लावून बसण्याची ढब आणि थकवा मोजणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. सकाळी आकडे नीट असतात. जेवणाच्या सुट्टीनंतर पाठीचा कोन हळूहळू पुढे सरकायला लागतो आणि तीन-साडेतीनच्या सुमारास आलेख सांगतो की सगळी लाईन थकून मशीनवर ओणवी झाली आहे. दुपारी माणूस थकतो हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, म्हणून हा आलेख चटकन पटतो आणि त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. पहिले काही आठवडे आम्हीही केली नव्हती.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये एका फिजिओथेरपिस्ट मॅडमबरोबर हे काम करते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण शाळांच्या आणि कंपन्यांच्या गणवेशांचा इथे मोठा धंदा आहे. आम्ही जिथे जातो तिथे मशीनवर बहुतेक बायका आहेत. आठ-नऊ तास बसून काम, नगावर पैसे, टेकायला पाठ नसलेलं स्टूल. त्यांची पाठ दुखते हे कळायला सेन्सर लागत नाही, विचारलं की त्या सांगतात. सेन्सर लागतो तो टेबलाची उंची बदला, स्टूल बदला हे मालकाला आकड्यांत दाखवायला. म्हणूनच खोटा आकडा इथे महागात पडतो. कुणीही न घातलेला सेन्सरचा पट्टाही दुपारी ‘थकतो’ हे मालकाच्या एकदा लक्षात आलं, तर पुढचा खरा आकडाही तो बाजूला सारेल आणि त्याची किंमत त्या बायका मोजतील.

आमची मांडणी अशी आहे. पट्ट्यावर हालचाल आणि झुकाव मोजणारे दोन एमपीयू-६०५० सेन्सर. एक मानेच्या तळाशी जे हाड बोटाला उंच लागतं त्याच्या जरा खाली, दुसरा कमरेत, माकडहाडाच्या वर. दोन्ही एकाच ईएसपी-३२ ला, म्हणजे छोट्या संगणक-बोर्डाला, जोडलेले, माहिती मेमरी कार्डावर, आणि एका सेलची लिथियम बॅटरी. दोन सेन्सर अशासाठी, की माणूस कमरेतून पुढे झुकला की पाठीला पोक काढून बसला हे एकट्या वरच्या सेन्सरला ओळखता येत नाही. दोघांच्या कोनांतला फरक म्हणजे पोक आणि खालच्याचा कोन म्हणजे कमरेची बैठक. ज्यांच्याकडे एकच सेन्सर आहे त्यांनी अहवालात ‘पोक’ हा शब्द वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक किती लहान असली तरी भोवते, ते आधी बघा. अ‍ॅक्सिलरोमीटर (सेन्सरमधला त्वरण मोजणारा भाग) गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कोन काढतो. त्यात १ अंश म्हणजे साधारण १७ मिलि-जी (गुरुत्वाकर्षणाचा हजारावा भाग म्हणजे १ मिलि-जी). या सेन्सरच्या माहितीपत्रकात एक्स आणि वाय अक्षांवर ±५० मिलि-जी इतकी शून्याची चूक (सपाट ठेवला तरी शून्याऐवजी दिसणारा आकडा) मान्यच केलेली आहे, म्हणजे सेन्सर पाकिटातून निघतानाच ३ अंशांपर्यंत चुकीचा असू शकतो. आता हाच कोन आपण ‘रूला’च्या तक्त्यात घालतो. कामाच्या ढबीला धोक्याचे गुण देणारी, मॅकॅटम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ साली मांडलेली ही पद्धत. ती घडवताना ज्यांच्या कामाचं निरीक्षण केलं त्यांत कपडे शिवणारे कामगारही होते, त्यामुळे आमच्या कामाला ती जवळची वाटते. तिच्यात धड २० अंशांपर्यंत वाकलेलं असलं तर २ गुण आणि २० ते ६० असलं तर ३. शिलाई मशीनवर बसलेली बाई नेमकी या २० च्या आसपास असते. खरा कोन १८ असताना सेन्सरने २१ सांगितला, की तिचं अख्खं टेबल वरच्या धोक्याच्या रकान्यात जातं.

पट्टा आधी डमीला घाला

शिवलेला गणवेश घालून बघायला प्रत्येक युनिटमध्ये एक डमी असते. सुट्टीच्या दिवशी नको, काम चालू असतानाच तिला पट्टा घाला आणि साडेनऊ ते सहा लाईनच्या मध्ये उभी ठेवा. डमीचा कोन दिवसभर जागेवर राहिला पाहिजे. आमच्या डमीची मान दुपारपर्यंत २ अंशांहून जास्त पुढे गेली होती, कंबर १ अंशाच्या आसपास.

हा उन्हाचा परिणाम होता. मार्च महिना, वर पत्रा, आत इस्त्रीची वाफ. सेन्सर गरम झाला की त्याचं शून्य सरकतं. शंका फिटवणं सोपं आहे, कारण या चिपमध्ये तापमापक असतोच: कच्च्या आकड्याला ३४० ने भागून ३६.५३ मिळवले की सेल्सिअस मिळतं. कोन आणि तापमान एकाच कागदावर काढा. दोन्ही रेषा हातात हात घालून चढल्या, तर माणसाकडे बघूच नका.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावे लागतात. सेन्सरची सहाही तोंडं आळीपाळीने वर करून प्रत्येक अक्षाचं +१ जी आणि –१ जी मोजा, त्यातून शून्याची आणि मापाची चूक काढा. हे एकदा सकाळच्या गारव्यात आणि एकदा दुपारच्या उकाड्यात करा, मधल्या तापमानांसाठी सरळ रेषा पुरते. दुसरं म्हणजे पट्टा अंगावर बांधल्या बांधल्या शून्य घेऊ नका, म्हणजे त्या क्षणीचा कोन सुरुवातीचा धरू नका. ब्लाउज आणि पट्टा यांच्यामध्ये अडकलेला सेन्सर अंगाच्या उबेने तापायला वेळ घेतो. आम्ही पंधरा-वीस मिनिटं थांबतो, तोवर त्या बॉबिन भरून घेतात, धागा ओवून घेतात.

पट्टा सरकला की माणूस?

उन्हाची चूक काढल्यावरही काही जणींचा कोन सरकत राहिला. तेव्हा मॅडमनी एक खूण-स्थिती ठरवली: दिवसातून पाच वेळा भिंतीला टाचा, ढुंगण आणि पाठ टेकवून, समोर बघत दहा सेकंद उभं राहायचं. ही स्थिती रोज तीच असते, त्यामुळे तिचा कोनही तोच यायला हवा. तो बदलला, तर जेवढा बदलला तेवढी चूक पट्ट्याची.

पण थेट भिंतीला टेकवलं तर सेन्सरच दाबला जातो आणि तिरका होतो. आम्ही भिंतीवर दोन उभ्या फळ्या ठोकल्या, मध्ये चार बोटांची फट. पाठ फळ्यांना टेकते, सेन्सर फटीत मोकळा राहतो. पाच खुणांमधल्या काळात चूक हळूहळू वाढली असं धरून आम्ही आकडे दुरुस्त करतो, आणि दोन खुणांमध्ये ३ अंशांहून जास्त फरक पडला तर मधला सगळा भाग टाकून देतो. टाकताना जीव तुटतो, तरी टाकतो.

पट्टा सरकायची कारणं सगळी साधी असतात. घामाने इलॅस्टिक ढिलं पडतं. पदर खोचताना पट्टा वर ओढला जातो. लांब वेणी असली तर मान वळवली की ती वरच्या सेन्सरवर आपटते आणि आलेखात दर वेळी एक टोक उठतं. छातीच्या हाडावर सेन्सर लावणाऱ्यांनी मंगळसूत्राचं हेच ध्यानात ठेवावं. वरचा सेन्सर आम्ही आता पट्ट्यावरून काढला आणि फिजिओथेरपीतली ताणली जाणारी चिकटपट्टी वापरून थेट कातडीवर लावतो. हे काम मॅडम पडद्याआड करतात, मी आत जात नाही. वेणीचा अंबाडा घालायची विनंती करतो, आणि ज्यांना नको असेल त्यांचा वरचा सेन्सर त्या दिवशी लावत नाही.

आलेखाच्या आकारावरूनही पुष्कळ कळतं. उन्हाची चूक तासन्‌तास हळू चढते. पट्टा सरकला की एक पायरी पडते आणि आलेख त्या नव्या पातळीवरच बसून राहतो. जिवंत माणूस मात्र पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तासभर ज्या रेषेत मागे येणं नाही, ती माणसाची रेषा असण्याची शक्यता फार कमी.

मशीन चालू झालं की टेबलही वाकतं

सगळ्यात जास्त दिवस आम्हाला या दोषाने खाल्ले, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

ऊन आणि पट्टा दोन्ही आवरले, तरी दुपारचं झुकणं पूर्ण गेलं नाही. उरलेलं लहान होतं, पण जिद्दी होतं. एका ताईंच्या आलेखात चारच्या चहाच्या वेळी मला एक गोष्ट दिसली. चहा येताच मशीनचं बटण बंद झालं आणि त्याच क्षणी पाठ २ अंशांनी सरळ झाली. मी समोरच उभी होते. ताई जागच्या हलल्या नव्हत्या, कप हातात यायचा होता.

दुसऱ्या दिवशी एक सेन्सर टेबलाच्या लोखंडी स्टँडला घट्ट चिकटवला. टेबल काही वाकत नाही. तरी पॅडल दाबलं की त्याचा कोन कधी ४-५ अंशांनी बदलायचा, कधी मागेपुढे झुलायचा, कधी काहीच नाही.

हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. आमचा वेग सेकंदाला ५० नोंदींचा होता, कारण माणसाच्या हालचालीला तेवढा पुरतो असं सगळीकडे सांगतात आणि ते खरंही आहे. पण लाईनवरचं जुकी कंपनीचं शिलाई मशीन मिनिटाला ३००० टाके घालत असेल, तर ते सेकंदाला ५० टाके झाले. म्हणजे सेन्सर दर वेळी कंपनाच्या त्याच टप्प्यावर नोंद घेत होता. कंपन त्याला दिसतच नव्हतं; दिसत होता एक स्थिर रेटा, आणि अ‍ॅक्सिलरोमीटरसाठी स्थिर रेटा म्हणजे झुकलेला कोन. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली मशीनचं फिरतं हातचाक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं ना, तसंच हे. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि चाक तिच्या तालात सापडतं. याला एलियसिंग म्हणतात.

पुढचं त्याहून फसवं आहे. मशीन मिनिटाला ३०६० टाक्यांवर गेलं, की सेकंदाला ५१ होतात आणि आलेखात सेकंदाला एक असा संथ झोका दिसतो. थकलेलं शरीर जास्त डुलतं हे वाचलेलं असतं, म्हणून आपण त्या झोक्याला थकवा म्हणून मोकळे होतो. पाठीवर कंपन टेबलाइतकं पोचत नाही, पण ३० मिलि-जी पोचलं तरी पावणेदोन अंश झाले. मनगटावर सेन्सर लावत असाल तर चूक कितीतरी मोठी येईल, कारण मनगट टेबलावरच असतं.

आणि हे दुपारीच का? त्याचं उत्तर कटिंग मास्तरांनी दिलं. सकाळी कॉलर, खिसे, पट्ट्या अशी तुकड्यांची कामं होतात. त्यात पॅडल दोन-चार सेकंद दाबायचं आणि सोडायचं. दुपारी तुकडे जोडायला घेतात, पँटची लांब बाजू एका दमात शिवली जाते आणि मशीन पूर्ण वेगात जास्त वेळ चालतं. आमचा ‘थकवा’ गठ्ठ्यांच्या क्रमातून येत होता. युनिटमधल्या कुणालाही पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर हे कळलं असतं.

आता उपाय. नोंदींचा वेग ५० वरून १०० केला की झालं, असं वाटेल. होत नाही, कारण कंपनात दुप्पट वेगाचा अंशही असतो, आणि ३००० टाक्यांचा दुप्पट म्हणजे सेकंदाला बरोबर १००. तो पुन्हा शून्यावर येऊन बसतो. नोंद घेतल्यानंतर संगणकात सरासरी काढूनही उपयोग नसतो. तोवर कंपन कोनात मिसळून गेलेलं असतं. ते नोंदीच्या आधीच अडवायला हवं. एमपीयू-६०५० च्या आत लो-पास फिल्टर (वेगवान कंपन अडवून संथ हालचाल सोडणारा) आहे, पण तो सुरुवातीला जवळजवळ उघडा असतो, २६० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २६० कंपनांपर्यंत, सगळं आत सोडतो. त्याच्या रजिस्टरमध्ये (चिपमधली सेटिंगची जागा) ४ लिहिलं की सीमा २१ हर्ट्झवर येते, ५ लिहिलं की १० वर. आम्ही बसलेल्या पाठीसाठी ५ ठेवलं, नोंदी सेकंदाला १००. माहिती सुमारे १४ मिलिसेकंद उशिरा येते. बसण्याची ढब बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

जोडीला रेंज (सेन्सर किती जोरापर्यंत मोजतो ती मर्यादा) ±२ जी वरून ±४ जी करा. पॅडलवर जोरात पाय पडला किंवा गठ्ठा टेबलावर आदळला, की ±२ जी च्या रेंजमध्ये टोकं कापली जातात, ती एका बाजूला जास्त कापली गेली की सरासरी सरकते.

दुरुस्त केलेला दोष परत आला तेव्हा

फिल्टर लावल्यावर दोन आठवडे आलेख स्वच्छ होते. मग तेच दुखणं परत. पुन्हा दुपारी, पुन्हा मशीन चालू असतानाच, आणि फक्त काही पट्ट्यांवर.

या वेळी दोष बॅटरीचा होता. आमच्या बोर्डावर एएमएस-१११७ रेग्युलेटर (बॅटरीचा व्होल्ट उतरवून स्थिर ठेवणारा भाग) होता. हा रेग्युलेटर ३.३ व्होल्ट द्यायला आत त्याहून साधारण १ व्होल्ट जास्त मागतो. लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे सकाळीच जेमतेम. दुपारी सेल ३.७ वर आला आणि त्याच वेळी कार्डावर लिहिताना विजेचा झटका ओढला गेला, की सेन्सर क्षणभर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा.

चालू होताना हा सेन्सर झोपलेल्या अवस्थेत असतो. आमच्या कोडमध्ये तो झोपलेला दिसला तर उठवायची सोय होती, म्हणून नोंदी थांबत नव्हत्या. पण उठवल्यानंतर फिल्टर आणि रेंज पुन्हा लिहिण्याची सोय नव्हती. फिल्टर परत पूर्ण उघडा, रेंज परत ±२ जी. म्हणजे जेवणानंतर पट्टा चुपचाप पहिल्या आठवड्यातल्या अवस्थेत जाऊन बसायचा.

ज्यांच्या कोडमध्ये उठवायचीही सोय नाही, त्यांच्याकडे याहून वाईट घडतं. झोपलेल्या सेन्सरकडून तिन्ही अक्षांवर शून्य येतं, कोनाच्या सूत्रात शून्य-शून्य गेलं की उत्तरही शून्य येतं, आणि अहवाल म्हणतो की या बाई दुपारभर ताठ बसल्या होत्या. ज्यांची पाठ सगळ्यात जास्त दुखते त्यांचीच नोंद अशी आली तर त्यांचं म्हणणं खोटं ठरतं.

यावर एक तपासणी कायमची लावून टाका. तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की माणूस स्थिर असताना उत्तर १ जी च्या आसपास यायलाच हवं. आम्ही मिनिटाची सरासरी काढतो आणि ती ०.९ ते १.१ च्या बाहेर गेली की ते मिनिट बाद. रेंज बदलून बसली असेल तर हा आकडा थेट दुप्पट होतो, लपू शकत नाही. शिवाय दर मिनिटाला फिल्टरचं आणि रेंजचं रजिस्टर वाचून बघतो, चुकीचं असलं तर पुन्हा लिहितो आणि ती वेळ नोंदवतो. रेग्युलेटर कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आत जादा व्होल्ट कमी मागणारा, घातला, वायफाय बंद ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत सेल बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय निघाला.

जायरो, मॅग्नेटोमीटर आणि कार्ड

बसलेल्या माणसाची मिनिटाची सरासरी ढब हवी असेल, तर जायरो (त्याच चिपमधला, वळण्याचा वेग मोजणारा भाग) वापरू नका. फिल्टर लावलेला अ‍ॅक्सिलरोमीटर पुरतो, आणि जायरोची शून्याची चूक आपल्या कोनात शिरत नाही. गठ्ठा घ्यायला झटकन वळणं, वाकणं मोजायचं असेल तेव्हाच दोघांना एकत्र करा. पण कोडमध्ये दोन नोंदींमधला वेळ ०.०१ सेकंद असा ठोकून लिहू नका. मेमरी कार्ड मध्येच लिहायला वेळ घेतं, शंभर मिलिसेकंदांहूनही जास्त, आणि तेवढ्या काळातली हालचाल कमी मोजली जाते. वेळ दर नोंदीला मोजा.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकाने दिशा ओळखणारा भाग, शिलाईच्या टेबलाजवळ बंदच ठेवा. लोखंडी स्टँड आणि मोटर त्याला दिशाच सापडू देत नाहीत. मॅग्नेटोमीटरही असलेला बीएनओ-०५५ सेन्सर वापरणाऱ्यांनी नऊ अक्षांच्या मोडऐवजी मॅग्नेटोमीटर नसलेला मोड निवडावा. अंग किती अंश वळलं हे त्यात दिवसभर टिकत नाही, पण किती वेळा वळलं हे जायरोवरून नीट मोजता येतं, आणि कमरेसाठी तो आकडा जास्त कामाचा आहे.

स्नायूंचे संकेत घेत असाल तर

खांद्याच्या वरच्या स्नायूवर, म्हणजे ट्रॅपेझियसवर, ईएमजी (स्नायूंतला विद्युत संकेत मोजणारं उपकरण) लावून थकवा बघण्याची पद्धत पक्क्या पायावर उभी आहे. स्नायू थकला की त्यातून संकेत धावण्याचा वेग कमी होतो आणि संकेताची मध्य-वारंवारता (जिच्या खाली आणि वर संकेताची निम्मी-निम्मी ताकद असते ती) खाली येते. पण इथेही दुपारचा तोच सापळा आहे. घामाने किंवा जेल सुकल्याने इलेक्ट्रोडची पकड बिघडते, घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते, आणि ती मध्य-वारंवारतेला आपल्याकडे खाली ओढते. आलेखात हे अगदी थकव्यासारखं दिसतं. म्हणून मध्य-वारंवारता घसरली की आधी ५० हर्ट्झवर सुळका वाढला आहे का ते बघा.

बाजारात मिळणारे छोटे ईएमजी बोर्ड बहुधा संकेत गुळगुळीत करून देतात. त्या गुळगुळीत रेषेतून मध्य-वारंवारता काढता येत नाही, कितीही सूत्रं लावली तरी. बोर्डाची कच्चा संकेत देणारी पिन वापरा, सेकंदाला किमान १००० नोंदी घ्या, इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवा. आणि शिवता शिवता मोजू नका, कारण हात हलला की संकेत तसाही बदलतो. दोन तासांनी मशीन थांबवून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पंधरा सेकंद धरायला सांगा आणि फक्त तेवढेच तुकडे एकमेकांशी ताडून बघा.

एवढं काढून टाकल्यावर काय उरतं

ऊन, पट्टा, कंपन, बॅटरी वजा केल्यावर आमच्या लाईनवरचं सार्वत्रिक झुकणं गेलं. काही जणींचा पोक खरोखर वाढत होता, बाकीच्यांचा कोन दिवसभर जवळजवळ तोच होता. याचा अर्थ त्या थकत नव्हत्या असा होत नाही. नगावर पैसे मिळतात तिथे हात थांबत नाही, डोळा सुईवरून हलत नाही आणि धड मशीनला बांधल्यासारखं राहतं. थकवा कोनात दिसला नाही तर तो दुसरीकडे शोधायला हवा.

आम्ही आता दर दहा मिनिटांत कमरेचा सेन्सर किती वेळा ५ अंशांहून जास्त हलून नव्या जागी स्थिरावला ते मोजतो. म्हणजे बूड किती वेळा सरकवलं ते. सकाळी ज्या ताई क्वचित हलतात त्या दुपारी सारख्या चुळबुळतात. काही जणी याच्या उलट, दुखायला लागलं की अंग आखडून अगदी गप्प बसतात. म्हणून एकीची दुसरीशी तुलना करत नाही, प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःच्या सकाळशी. बरोबर बोर्गच्या ० ते १० च्या मापावर त्यांनाच विचारतो की आत्ता किती दमायला झालंय. इथे पुष्कळ जणींच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून प्रश्न दोन्ही भाषांत लिहून घेतला आहे. सेन्सर एक म्हणाला आणि त्या दुसरं म्हणाल्या, तर आम्ही सेन्सर पुन्हा तपासतो. मालकाला जातो तो फक्त पूर्ण लाईनचा आकडा, नाव किंवा टेबल क्रमांक जात नाही, आणि हे आम्ही पट्टा बांधण्याआधी प्रत्येकीला सांगितलेलं आहे.

शेवटी एक नोंद, जी आम्ही चूक समजून जवळजवळ पुसून टाकली होती. एका मावशींची कंबर रोज दोनच्या सुमारास ६-७ अंशांनी सुधारायची आणि तशीच राहायची. पायरीसारखा आकार, म्हणून मी पट्टा सरकला असं धरलं. पण भिंतीजवळची खूण जागेवर होती. मी जाऊन बघितलं तर जेवणानंतर त्या चिंध्यांची घडी करून स्टुलाच्या मागच्या कडेला ठेवायच्या आणि तिच्यावर बसायच्या, म्हणजे कंबर आपोआप पुढे कलते. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सकाळी चालतं गं, जेवल्यावर मात्र घडीशिवाय बसवत नाही.” त्यांच्या कमरेला आराम कशाने पडतो हे त्यांनी आधीच शोधून काढलं होतं. मॅडमनी त्या घडीची उंची मोजली, सुताराकडून तेवढ्याच उताराची फळी करून घेतली आणि ती सकाळपासूनच स्टुलावर ठेवायला दिली. आमच्या वहीत आता वेळेपुढे एक रकाना वाढला आहे: स्टूल बदललं का, घडी ठेवली का, कोणत्या तुकड्याचं काम चालू होतं. तो रकाना भरल्याशिवाय मी आलेख उघडत नाही.